सकरच्या अंगावर पांढरा डाग? निळी बाटली आधी खाली ठेवा

नमस्कार मंडळी. थंडी पडली की मला एकच फोटो यायला लागतो. सकरच्या, म्हणजे टँकच्या काचेला तोंडाने चिकटणाऱ्या कॅटफिशच्या, कुशीवर पांढरा चट्टा आणि खाली, "ताई, फंगस झालंय, निळं औषध किती थेंब टाकू?" या आठवड्यात इतके आले, की म्हटलं बोलूयाच.

मूळ माहिती पटकन. कॅटफिशला खवले नसतात. सकर आणि कोरीडोरास या कॅटफिशच्या अंगावर हाडांचं चिलखत असतं, पण सकरचं पोट मऊच. पिक्टस या कॅटफिशला तर चिलखतही नाही, नुसती कातडी आणि वर बुळबुळीत थर. तो थर खरवडला की जंतू आत शिरलेच.

आता डाग. थेंब विचारण्याआधी मला डागाचा आकार सांगा. टँकचा दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरा, असा. कापसासारखे तंतू पाण्याबरोबर हलतायत? बुरशी. रव्याचे दाणे चिकटल्यासारखे सुटे ठिपके? व्हाइट स्पॉट, परजीवीमुळे होणारा आजार. राखाडी-पांढरा चट्टा पाठीवर खोगिरासारखा पसरतोय, सकाळी होता त्यापेक्षा संध्याकाळी मोठा? मग कॉलमनॅरिसचा संशय घ्या. दिसतो बुरशीसारखा, पण तो जिवाणू आहे आणि गरम पाण्यात जोर धरतो. म्हणजे "आजारी आहे, हीटर वाढवते" हे इथे अंगाशी येतं.

आणि डाग लांबट, कडा सरळ, एकाच कुशीला? मग हीटरकडे बघा.

माझ्याच घरी झालंय हे. डिसेंबरात माझ्या सकरच्या डाव्या कुशीवर बोटभर रुंद पट्टा आला. पांढरं दिसलं म्हणून मी मुख्य टँकमध्येच मिथिलिन ब्लू, म्हणजे तेच निळं औषध, ओतलं. त्याने फिल्टरमधले चांगले जिवाणू मेले, अमोनिया चढला, बाकीचे मासेही पृष्ठभागावर येऊन धापा टाकायला लागले. काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन आजही निळं आहे. चौथ्या रात्री अकराला टॉर्च मारला, तर हा हीटरच्या नळीला चिकटून झोपलेला. पट्टा आणि नळी, रुंदी तीच. ते भाजलेलं होतं! चार दिवस मी त्याला विनाकारण औषधात ठेवलं होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून परत सांगते, आकार बघा. जागा बघा. रोज सकाळी त्याच कोनातून फोटो काढा. भरत आलेली जखमही आधी पांढुरकी दिसते. डाग लहान होत असेल तर हात लावू नका. दिवसाआड पाव टँक पाणी बदला, अँटिक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घातलेलं, टँकइतकंच कोमट. अमोनिया आणि नायट्राइट, ही माशांच्या घाणीतून होणारी विषं, शून्य ठेवा. माझा सकर याच्यावरच तीन आठवड्यांत सावरला, फिकट व्रण राहिला.

तंतू दिसलेच, तर वेगळा टब, त्यात हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन, औषध तिथेच, आणि सुरुवात निम्म्या मात्रेने. कॉलमनॅरिस वाटला तर लगेच माशांचं बघणारे पशुवैद्य गाठा. घरातली माणसांची कॅप्सूल फोडून टाकू नका, कळकळीने सांगते. पकडताना जाळी नको, परांचे काटे अडकतात. डबा वापरा. अडकलाच तर जाळी कापा, मासा ओढू नका.

"हळद चालेल का?" नाही हो. तळाशी बसते, पाणी खराब करते. आणि एका दादांनी लिहिलंय, "कंटाळलो, तळ्यात सोडतो." दादा, कृपा करून नको. सकर दक्षिण अमेरिकेतला, आपल्या तळ्यांत तो फोफावतो आणि इथल्या माशांच्या मुळावर येतो. दुकानदाराला परत द्या, नाहीतर मोठा टँक असलेलं कुणी शोधा.

हा बघा हीटर गार्ड. जाळीदार प्लास्टिकचा. खालचं टोपणही बसवा, कारण ते उघडं राहिलं तर लहान सकर नेमका तिथूनच आत शिरतो.