विमान कंपनीचा नफा आणि लासलगावचा लिलाव

(नाशिकमध्ये झालेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, गेल्या वर्षी नवरात्रात माझा पुतण्या घरी आला आणि त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर प्रश्न होता : अमेरिकेची डेल्टा ही विमान कंपनी या तिमाहीत विश्लेषकांच्या अंदाजापेक्षा जास्त कमावेल का? खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नाही’. प्रत्येकाचा भाव सेंटमध्ये. तो म्हणाला, “काका, तुम्ही तीस वर्षं कंपन्यांचे ताळेबंद तपासलेत. तुम्हाला हे सांगता येणारच.”

मी म्हणालो, नाही सांगता येणार. तो हिरमुसला. का सांगता येत नाही, हे त्याला नीट समजावून द्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी व्यवहार समजून घेऊ. याला प्रेडिक्शन मार्केट म्हणतात. घटना घडली तर ‘हो’च्या एका सौद्याला एक डॉलर मिळतो, नाही घडली तर शून्य. समजा ‘हो’ ७८ सेंटला मिळतोय, तर बाजार त्या घटनेची शक्यता ७८ टक्के मानतो, असा अर्थ घ्यायचा. कल्पना नवी नाही. आयोवा विद्यापीठाने १९८८ साली अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीवर असा बाजार उघडला होता. तो अभ्यासासाठी होता आणि त्यात माणशी गुंतवायच्या रकमेवर मर्यादा होती. आता कॅल्शी, पॉलीमार्केट यांच्यासारख्या मंचांवर निवडणूक, हवामान, क्रिकेट आणि कंपन्यांचे तिमाही निकाल, सगळ्यांवर सौदे होतात.

यामागच्या विचाराला मी हसणार नाही. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाने तर मुळीच हसू नये. लासलगावच्या कांदा बाजाराच्या आवारात सकाळी जाऊन बघा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कांदा, भोवती व्यापाऱ्यांचा घोळका. एक जण मूठभर कांदा उचलतो, पत्ती सुटतेय का बघतो, मान दाबून बघतो, आणि काही क्षणांत भाव पुकारला जातो. त्या एका भावात राजस्थानातलं पीक असतं, बांगलादेशची मागणी असते, चाळीत सडलेल्या मालाचा अंदाज असतो, परवाच्या अवकाळीचा धसका असतो. शंभर जणांकडे तुकड्या-तुकड्यांनी असलेलं ज्ञान एका आकड्यात गोळा होतं. एका खोलीत बसलेल्या तज्ज्ञापेक्षा तो आकडा बऱ्याचदा बरोबर निघतो, यात मला शंका नाही.

पण लिलावात ट्रॉलीत कांदा असतो. तो हाताला लागतो. विमान कंपनीच्या तिमाही नफ्याचं तसं नाही, आणि माझा सगळा मुद्दा इथूनच सुरू होतो.

आपल्या ओझरच्या विमानतळावरून उडणारं इंडिगोचं विमान खचाखच भरलेलं दिसलं की वाटतं, कंपनी कमावतेय. आता जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीचा हिशेब बघा. इंडिगोला २,५८२ कोटी रुपयांचा निव्वळ तोटा झाला. चलनाच्या चढउताराचा परिणाम बाजूला काढला तर मात्र जवळपास १०४ कोटींचा नफा. विमानं तीच, प्रवासी तेच, तिकिटं तीच. मग एवढा फरक कुठून आला? विमानांची भाडी आणि इतर मोठी देणी डॉलरमध्ये असतात. जूनअखेर डॉलर पावणेशहाऐंशी रुपयांच्या आसपास होता, सप्टेंबरअखेर तो ८८ रुपये ८० पैशांच्या घरात गेला. एक अब्ज डॉलरचं देणं असेल, तर तीन रुपयांच्या घसरणीने पुस्तकात ३०० कोटींचा बोजा वाढतो. तो पैसा त्या दिवशी तिजोरीतून गेलेला नसतो. पुढच्या अनेक वर्षांत फेडायच्या देण्याचं तिमाहीच्या शेवटच्या दिवशीच्या दराने केलेलं ते मोजमाप असतं. त्याशिवाय खर्चाचा मोठा वाटा इंधनाचा. पावसाळ्यातली मंदी वेगळी. आणि प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतल्या दोषामुळे जमिनीवर उभी राहिलेली विमानं, ज्यांचं भाडं चालूच राहतं.

आता सांगा, पैज यांतल्या कुठल्या आकड्यावर लावणार?

डेल्टाचंही हेच. पुतण्याने दाखवलेल्या त्याच तिमाहीचा निकाल ऑक्टोबरमध्ये आला. लेखानियमांनुसार प्रति शेअर कमाई २ डॉलर १७ सेंट, आणि काही बाबी वगळून कंपनीने दिलेली ‘समायोजित’ कमाई १ डॉलर ७१ सेंट. दोन्ही खरे आकडे. सौद्याच्या अटीत कुठला धरायचा हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि पैसे लावणाऱ्यांपैकी किती जण ते वाचतात, हे पुतण्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं.

‘अंदाजापेक्षा जास्त’ या शब्दांपाशी जरा थांबू. अंदाज असतो विश्लेषकांचा. त्या विश्लेषकांना दिशा कोण देतं? बऱ्याच अंशी कंपनीच. तिमाही सुरू असताना व्यवस्थापन जरा सावध बोलतं, अंदाज खाली येतात, आणि निकालाच्या दिवशी कंपनी तो आकडा ओलांडते. अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश कंपन्या दर तिमाहीत अंदाजाच्या वर जातात. म्हणजे ७८ सेंटला ‘हो’ घेणाऱ्याने काही विशेष हेरलं असं नाही. नेहमी घडणारी गोष्ट त्याने जवळजवळ पुऱ्या भावाने विकत घेतली. बरोबर आलं तर २२ सेंट मिळतात, चुकलं तर ७८ जातात.

आणि आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते, ती. तिमाही संपते त्या दिवशी नफा ठरून गेलेला असतो. तो जाहीर व्हायला काही आठवडे लागतात. या मधल्या काळात लेखा विभागातल्या माणसांना, ऑडिटरना, संचालकांना, पत्रक छापणाऱ्यालासुद्धा तो ठाऊक असतो. मी स्वतः त्या खोलीत बसलेलो आहे. म्हणून तर सेबीच्या, म्हणजे आपल्या शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमांनुसार तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर ४८ तास होईपर्यंत आतल्या माणसांना कंपनीच्या शेअरचे व्यवहार करता येत नाहीत. हा नियम अनेक वर्षांच्या कटू अनुभवातून आला आहे. आता तोच आकडा दुसऱ्या देशातल्या मंचावर, क्रिप्टोच्या पाकिटातून, टोपणनावाने विकला जाऊ लागला, तर पहारा कोण देणार?

कांद्याच्या भाषेत सांगतो. ८ डिसेंबर २०२३ला केंद्राने कांदा निर्यात थांबवली. भाव कोसळले, लिलाव बंद पडले, शेतकरी महामार्गावर उतरले. समजा आदल्या संध्याकाळी कुणी पैज मांडली असती, ‘उद्या निर्यातबंदी येईल का?’, आणि अधिसूचनेचा मसुदा टाइप करणाऱ्या खोलीतून कुणी ‘हो’ घेतला असता. समोर ‘नाही’ कोणी घेतला असता? निफाडच्या एखाद्या तरुणाने. त्याला वाटलं असतं, आपण कांदा जाणतो.

बोलणारा माणूसच निकाल फिरवू शकतो, हेही दिसून आलंय. ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस कॉइनबेस या क्रिप्टो चलनांच्या खरेदी-विक्रीच्या अमेरिकी कंपनीचे प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग तिमाही निकालांच्या बैठकीत शेवटी म्हणाले, की या बैठकीत कोणते शब्द उच्चारले जातील यावर पैजा लागल्यात आणि ते माझ्या नजरेसमोर आहेत. आणि त्यांनी ते शब्द सरळ वाचून दाखवले. बिटकॉइन, इथेरियम, ब्लॉकचेन… ज्यांनी ‘नाही’ घेतलं होतं त्यांचे पैसे तिथल्या तिथे गेले. मला त्यात गंमत वाटली नाही.

कुणी म्हणेल, वायदे बाजार, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवायचा बाजार, तोही असाच नाही का? नाही. वायद्यात निदान एका बाजूला असा माणूस असू शकतो ज्याच्याकडे जोखीम आधीपासून आहे. विमान कंपनीला इंधन महाग होण्याची भीती असते, ती तेलाचा वायदा घेऊन भीती दुसऱ्याकडे सोपवते. सोयाबीनवाल्याला भाव पडण्याची भीती असते. खरंतर त्याच्या हातातलं ते साधन सेबीने डिसेंबर २०२१मध्ये काढून घेतलं, सात शेतमालांचे वायदे थांबवून, आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं. पण डेल्टाची कमाई अंदाजापेक्षा दोन सेंटने वर जाते की खाली, याची जोखीम माझ्या पुतण्याकडे कधीच नव्हती. ती पैजेने जन्माला घातली. शेअर घेतला तर निदान तो पुढच्या तिमाहीतही हातात राहतो. ही पैज निकालाच्या संध्याकाळी मिटते, आणि दुसऱ्या सकाळी नवा प्रश्न तयार असतो.

आपल्याकडे याच गोष्टीला ओपिनियन ट्रेडिंग म्हणत होते. सेबीने २९ एप्रिल २०२५ला सांगितलं, की हे आमच्या कक्षेत येत नाही आणि इथे गुंतवणूकदाराला कोणतंही संरक्षण नाही. ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. पुतण्याचे त्याआधी अशाच एका अ‍ॅपवर अकरा हजार गेले होते, धावा आणि षटकारांवर. हे त्याने मला दुसऱ्या संध्याकाळी सांगितलं, जेवणं झाल्यावर, त्याची आई आत गेल्यावर.

मी रागावलो नाही. त्याची उत्सुकता खरी आहे, ती मला मारायची नव्हती. कपाटातून एक जुनी खतावणी काढून दिली. म्हणालो, दर महिन्याच्या एक तारखेला विमानाच्या इंधनाचे नवे दर येतात, ते इथे लिही. तिमाहीच्या शेवटच्या दिवसाचा डॉलरचा दर लिही. किती विमानं जमिनीवर आहेत ते लिही. मग स्वतःचा आकडा मांड आणि तारीख घाल.

पहिल्या वेळी त्याचा इंडिगोचा आकडा बाराशे कोटींनी चुकला. कुठे चुकला ते शोधायला आम्ही रविवारचा अख्खा दिवस बसलो होतो. पुढच्या तिमाहीचा त्याने पेन्सिलने मांडून ठेवलाय. निकाल आला की वही घेऊन ये, म्हणून सांगितलंय.