वर्तुळ घरच्या पडद्यावर उमटलं पाहिजे

मित्रांनो, पत्रिकेत विषय छापलाय: घरच्या संगणकावर ग्राफिक्स लायब्ररी, म्हणजे पडद्यावर चित्र काढायची तयार फंक्शनं, कशी बसवायची. त्यावर येतोच. पण समोर बीसीएस, बीसीएची लेकरं बसलीत, मागं त्यांचे सर-मॅडम आहेत, तर मनात साचलेलं आधी बोलू द्या.

कुणाकुणाच्या जर्नलमध्ये इनिटग्राफ, म्हणजे चित्र काढण्याआधी ग्राफिक्स सुरू करणारी ओळ, आहे? हात वर करा. बघा, अर्धा हॉल! मागच्या रांगेत सरांनीही हात वर केलाय, बरं वाटलं. तर हे इनिटग्राफ ज्यातून येतं ते ग्राफिक्स डॉट एच म्हणजे बोर्लंड कंपनीची बीजीआय ही ग्राफिक्स लायब्ररी, १९८७ सालची. व्हीजीए या तेव्हाच्या पडद्यावर ६४० गुणिले ४८० ठिपके आणि १६ रंग. त्या काळात ती फार देखणी सोय होती, तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण ६४ बिट विंडोजवर १६ बिटचा प्रोग्राम चालत नाही. म्हणून आपण डॉसबॉक्स, म्हणजे जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम, उघडतो, त्यात बोर्लंडचा जुना सी कंपायलर टर्बो सी, आणि त्यात वर्तुळ.

जिंतूरकडची एक मुलगी पावसाळ्यात माझ्याकडं आली. घरी भावानं सेकंडहँड घेतलेला कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा जुना संगणक. कॉलेजात चाललेला प्रोग्राम घरी चालेना, 'बीजीआय एरर: ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड'. कुणीतरी सांगून टाकलेलं, कॉम्प्युटर जुना झालाय, नवा घे. सोयाबीन अजून शेतात उभं, वडिलांना पैसे मागायचे कसे? प्रोग्राम बघितला. इनिटग्राफमध्ये ड्रायव्हर फाईलचा पत्ता सी ड्राइव्हचा लिहिलेला, घरी डॉसबॉक्समध्ये तेच फोल्डर डी ड्राइव्ह म्हणून माउंट केलेलं, म्हणजे जोडलेलं. एक अक्षर बदललं, वर्तुळ आलं.

मला राग येतो तो इथं. तो पत्ता कशाचा, हे प्रॅक्टिकलला कुणी सांगत नाही. फळ्यावरून मंत्रासारखा उतरवून घेतात. लातूर पॅटर्ननं आपल्याला मार्क काढायला शिकवलं, त्याचा मला अभिमान आहे. पण लेकराचा प्रोग्राम घरी अडला तर तो कुठं अडला हे त्याला कळलंच पाहिजे, त्याला कितीही मार्क असोत.

त्या मुलीला खरं तर जायकवाडी काढायची होती. ऑगस्टमध्ये आपण सगळे रोज पेपरात टक्के बघतो ना, तसं नाथसागराचं पाणी पडद्यावर चढताना दाखवायचं. त्याला निळ्याच्या कितीतरी छटा लागतात, १६ रंगांत भागत नाही. म्हणून तिला रेलिब ही नव्या जमान्याची ग्राफिक्स लायब्ररी दिली. २०१३पासूनची, सीमध्ये लिहिलेली, फुकट.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं आहेत. भराभर सांगतो, लिहून घ्या.

अडायच्या जागा तीन. 'नो सच फाईल' म्हणत हेडरचं, म्हणजे लायब्ररीतल्या फंक्शनांची यादी असलेल्या डॉट एच फाईलचं, नाव दाखवलं, तर कंपायलरला हेडरचं फोल्डर सापडलेलं नाही. हायफन मोठा आय देऊन पत्ता द्या. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आलं, तर हेडर मिळालंय, पण लिंकरला, म्हणजे प्रोग्रामला लायब्ररी जोडणाऱ्याला, लायब्ररी मिळालेली नाही. आधी तुमची सी फाईल, मग हायफन छोटा एल रेलिब, त्यानंतर तसंच ओपनजीएल३२, जीडीआय३२, विनएमएम. क्रम उलटा केला की तोच एरर परत येतो. कंपायलर ६४ बिट आणि लायब्ररी ३२ बिट, हेही चालत नाही. विंडोजवर रेलिबचा इन्स्टॉलर घेतलात तर कंपायलर त्यासोबतच येतो, हा सगळा त्रास वाचतो. उबंटूवाल्यांनी एसडीएल ही दुसरी ग्राफिक्स लायब्ररी घ्या, लिबएसडीएल२-डेव्ह हे पॅकेज एप्टनं बसतं.

तिसरी जागा चालवताना. एसडीएल विंडोजवर वापरत असाल तर तिची डीएलएल, म्हणजे चालवताना लागणारी लायब्ररीची फाईल, तुमच्या एक्सईशेजारी ठेवा. रेलिबची खिडकीच उघडत नसेल तर काळ्या खिडकीतल्या ओळी वाचा. ती मुलगी इथंच अडली होती. रेलिब ग्राफिक्स चिपकडून ओपनजीएल, म्हणजे चिपशी बोलायची पद्धत, तिची ३.३ आवृत्ती मागते, तिच्या इंटेल चिपची धाव २.१पर्यंत. मग आम्ही रेलिबच २.१साठी परत कंपाइल केली, मेक या कंपाइल करून देणाऱ्या प्रोग्रामला ग्राफिक्सचा पर्याय देऊन. त्याच जुन्या मशीनवर नाथसागर भरला.

तिचा प्रोग्राम, रेलिबचा इन्स्टॉलर आणि २.१ची तयार फाईल या पेन ड्राइव्हमध्ये आहे. ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी चहा घेऊन परत या, इथंच बसवून देतो.