रेंज रोव्हर: आधी चिखल, मग चामड्याच्या सीट

रेंज रोव्हर म्हटलं की आपल्या इंदुरात डोळ्यासमोर काय येतं सांगा? बायपासवरच्या एखाद्या मॅरेज गार्डनच्या गेटवर उभी असलेली काळी चकाचक गाडी, आत चामड्याच्या सीट, बाहेर फोटो काढणारी पोरं. आणि हीच गाडी १९७० मध्ये पहिल्यांदा आली तेव्हा तिच्यात चामडं नव्हतं, गालिचा नव्हता, सीटवर प्लास्टिक आणि खाली रबर, शेतावरून आलात की पाइप लावून आतून धुऊन काढा असा सगळा हिशोब होता. तरीसुद्धा लोक बसले आणि म्हणाले की अरे, ही तर कारसारखी चालते! तो आराम कुठून आला, तर स्प्रिंगांमधून. आजचा आपला व्हिडिओ मुळात ह्याच एका गोष्टीवर आहे.

थोडं मागे जाऊ. १९४८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या मोटर शोमध्ये रोव्हर कंपनीने पहिली लँड रोव्हर दाखवली. शेतकऱ्याची गाडी, खाली पाटे म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या कडक स्प्रिंगा, पाठीचं खोबरं करणारी, पण कुठेही जाणारी. साठच्या दशकात कंपनीतले इंजिनिअर स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड ह्यांनी विचार केला की जी शेतातही जाईल आणि हायवेवरही माणसाला थकवणार नाही अशी एकच गाडी का नसावी, आणि मग त्यांनी १०० इंच व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत तेवढं अंतर असलेली एक स्टेशन वॅगन डोक्यात धरून काम सुरू केलं.

आता जरा नीट लक्ष द्या, कारण खरी गंमत इथे आहे. कडक पाट्यांची गाडी खड्ड्यात गेली की तिचं एखादं चाक हवेत लटकतं, आणि हवेतलं चाक काय ओढणार? किंग ह्यांनी पाटे काढून लांब, मऊ कॉइल स्प्रिंगा टाकल्या, म्हणजे चाक खड्ड्यात खालपर्यंत उतरतं, जमीन सोडत नाही, पकड राहते. हे सगळं केलं चिखलासाठी, पण त्याच मऊ स्प्रिंगांमुळे डांबरी रस्त्यावर गाडी अशी मखमली चालायला लागली की पुढची ५० वर्षं लोक त्यासाठी पैसे मोजत आले.

इंजिनचीही कहाणी आहे. ३.५ लिटरचं व्ही-८, सगळं अ‍ॅल्युमिनियमचं, वजनाला हलकं, मूळचं अमेरिकेतल्या ब्यूकचं. जनरल मोटर्सने ते बनवणं बंद केलं आणि रोव्हरने हक्क विकत घेतले. हे इंजिन इतकं दमदार होतं की सगळा जोर फक्त मागच्या अ‍ॅक्सलवर टाकला तर अ‍ॅक्सल फार जड करावा लागला असता, म्हणून तो चारही चाकांना कायमचा वाटून दिला आणि मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढे-मागे जोर वाटणारा गिअर, लॉक करायची सोय ठेवली. स्पीड ताशी १५० किलोमीटरच्या आसपास, मग ब्रेकही तसेच हवेत, म्हणून चारही चाकांना डिस्क ब्रेक. १९७० साली, फोर बाय फोरला! मला हे वाचून आजही नवल वाटतं.

टेस्टिंगच्या गाड्यांवर खरं नाव न लिहिता 'वेलार' लिहिलं होतं, म्हणजे कोणाला पत्ता लागू नये, आणि त्या गाड्या थेट सहारा वाळवंटात नेऊन घासून आणल्या. जून १९७० मध्ये गाडी बाजारात आली, किंमत १,९९८ पाउंड. पुढच्याच वर्षी पॅरिसला लूव्रमध्ये डिझाइनचा नमुना म्हणून ती मांडली गेली. डिझायनर डेव्हिड बॅश ह्यांनी इंजिनिअरांनी ओढलेला आकार फारसा बदलला नव्हता, थोडी साफसफाई केली आणि बस्स, राहू दिला.

आणि मग डॅरियन गॅप. अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत जाताना पनामा आणि कोलंबियाच्या मधे जंगल आणि दलदलीचा असा पट्टा लागतो की तिथे आजही रस्ता नाही. १९७१ च्या डिसेंबरात ब्रिटिश फौजेचे अधिकारी जॉन ब्लॅशफर्ड-स्नेल ह्यांची मोहीम दोन रेंज रोव्हर घेऊन निघाली. दलदलीसाठी मोठे फुगीर टायर लावले होते, त्यांच्या ओझ्याने डिफरन्शियल तुटायला लागले, मोहीम जंगलात अडकली, नवे पार्ट विमानाने मागवले, गाड्या तराफ्यावर घालून नद्या ओलांडल्या, पुढे माणसं झाडं तोडत चालली आहेत आणि मागून गाड्या रांगतायत. चारशेएक किलोमीटरच्या त्या पट्ट्याला जवळजवळ १०० दिवस लागले, पण जून १९७२ मध्ये दोन्ही गाड्या टोकाला पोचल्या.

आता स्क्रीनवर जी दोन दरवाजांची गाडी दिसतेय ती रामबागेतल्या आमच्या एका काकांची. नाव घेऊ नका म्हणाले, म्हणून नुसतं काका. शूट सिमरोलच्या पुढे केलंय, पाऊस पडून गेल्यावर, आणि माळव्याची काळी माती ज्याने तुडवली आहे त्याला ती टायरला कशी धरून बसते हे वेगळं सांगायला नको. बॉनेटचे दोन्ही कोपरे बघा, उचललेले आहेत. ती नुसती फॅशन नाही, ड्रायव्हरला बसल्या जागेवरून गाडीच्या दोन्ही कडा दिसतात, अरुंद वाटेवर चाक नेमकं कुठे पडतंय ते कळतं. काकांनी चुंबक आणलं होतं, दरवाजाला लावलं तर चिकटेना, कारण बाहेरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, पण मागे डिक्कीच्या वरच्या काचेच्या चौकटीला टक्कन चिकटलं, कारण ती लोखंडी, आणि जुन्या गाडीत सगळ्यात आधी सडते ती हीच चौकट. जिथे अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना लागतं तिथे ओल शिरली की गंज आतल्या आत पसरतो, वरून रंग अगदी छान दिसत असतो. जुनी घ्यायचा विचार असेल तर आधी तिथे हात फिरवा, इंजिन नंतर बघा. वळणावर ही गाडी चांगलीच कलते, म्हणून आधीच्या मालकाने कडक स्प्रिंगा टाकल्या होत्या, काकांनी त्या काढून मूळ मापाच्या मऊ स्प्रिंगा बसवल्या. अगदी योग्य केलं. कलू दे, चालेल, पण ह्या शेतात मागचं उजवं चाक कुठपर्यंत खाली गेलंय ते एकदा बघा आणि मग बोला.

तसं महागड्या गाड्यांचं वेड इंदूरला नवीन नाही. यशवंतराव होळकरांची १९३० च्या दशकातली ड्यूसेनबर्ग जगातल्या गाड्यांच्या शौकिनांना पाठ आहे, आणि त्यांच्या माणिकबाग पॅलेसमध्ये आता टॅक्सचं सरकारी ऑफिस आहे. पण तो राजेशाही शौक झाला. रेंज रोव्हरचं उलट झालं, शेतातली गाडी हळूहळू महालात गेली.

सत्तरच्या दशकात तर कंपनीकडे पैसाच नव्हता, तिची मालक ब्रिटिश लेलँड, तिचेच हाल चालले होते, त्यामुळे दहा वर्षं गाडी जवळपास तशीच राहिली. चार दरवाजे हवेत म्हणून लोक ओरडत होते, शेवटी स्वित्झर्लंडच्या मोंटेव्हर्डीने ते बनवून दाखवले आणि मग १९८१ मध्ये कंपनीनेही आणले. दरम्यान १९७९ ची पहिली पॅरिस-डाकार रॅली कार गटात ह्याच गाडीने जिंकली, १९८१ ला परत जिंकली. १९८२ मध्ये ऑटोमॅटिक गिअर, १९८७ मध्ये अमेरिकेत विक्री, १९८९ मध्ये एबीएस म्हणजे चाक जाम होऊ न देणारे ब्रेक, आणि मग लाकूड, चामडं, सगळं आलं. १९९२ मध्ये एअर सस्पेन्शन आलं, म्हणजे बघा, पुन्हा स्प्रिंगच! लोखंडाच्या जागी हवा भरलेली स्प्रिंग, चढता-उतरताना गाडी खाली बसणार, चिखलात वर उठणार. १९९६ मध्ये पहिली पिढी बंद झाली तोवर ३,१७,००० च्या वर गाड्या बनल्या होत्या.

दुसरी पिढी १९९४ मध्ये आलेली, चौकोनी दिव्यांची, तिच्यावर मी फार बोलणार नाही, मला ती कधी भावली नाही. तिसरी मात्र जबरदस्त. २००१ मध्ये दाखवली, डेव्हलपमेंट कंपनी बीएमडब्ल्यूच्या मालकीची होती त्या काळातली आणि बाजारात आली फोर्ड मालक झाल्यावर. तिने चेसिस, म्हणजे खालचा वेगळा सांगाडा, सोडला, एकसंध बॉडी घेतली, मागचा-पुढचा सलग अ‍ॅक्सल सोडून चारही चाकं स्वतंत्र केली. जुन्या लोकांच्या पोटात गोळा आला, कारण सलग अ‍ॅक्सलचा फायदाच हा की एक चाक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. तर इंजिनिअरांनी काय केलं, डाव्या आणि उजव्या एअर स्प्रिंगा नळीने जोडल्या, म्हणजे खडबडीत जागी एका बाजूची हवा दुसरीकडे जाते आणि जुन्या अ‍ॅक्सलसारखंच चाक जमिनीला टेकून राहतं. म्हणजे १९७० चा विचार, फक्त हवेने केलेला. मला विचाराल तर ह्या गाडीच्या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात हुशार गोष्ट आहे.

स्पेन किंग ह्यांना मात्र शहरात मिरवण्यासाठी अशा गाड्या वापरणं अजिबात पटत नव्हतं, ते त्यांनी उघड बोलूनही दाखवलं. २०१० मध्ये सायकल चालवताना व्हॅनशी अपघात झाला आणि त्यात ते गेले, वय ८५. त्या वयातही सायकलवर होते.

त्याच्या दोन वर्षं आधी, २००८ मध्ये टाटांनी जॅग्वार आणि लँड रोव्हर दोन्ही कंपन्या फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरला घेतल्या. तेव्हा कितीतरी लोक म्हणाले की टाटा बुडणार. आणि २०१२ मध्ये चौथी पिढी आली, पूर्ण अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीची, आधीपेक्षा ४२० किलोपर्यंत हलकी. २०२१ च्या पाचव्या पिढीत मागची चाकंसुद्धा वळतात, त्यामुळे एवढं धूड गल्लीत फिरतं, आणि ९०० मिलिमीटर पाण्यातून जायची क्षमता आहे.

आणि २०२४ मध्ये मोठ्या रेंज रोव्हरची जोडणी पुण्यात सुरू झाली. सुटे भाग इंग्लंडहून येतात, पण कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ५४ वर्षांत पहिल्यांदाच ही गाडी इंग्लंडमधल्या सोलिहलच्या कारखान्याबाहेर जोडली जातेय, आणि तीही मराठी हातांनी! बातमी वाचली तेव्हा मी घरात सगळ्यांना उठून सांगत सुटलो होतो. पुण्याच्या त्या प्लांटमध्ये शूटिंगची परवानगी मागायचं चाललंय, मिळाली तर बाकी काही नाही दाखवलं तरी चालेल, चाकाच्या वरती ती एअर स्प्रिंग बसवतात ना, ती जागा मला जवळून बघायची आहे आणि तुम्हाला दाखवायची आहे.