नवे पिकअप घेण्याआधी

स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) या इलेक्ट्रिक गिटारचा किंवा त्या घाटाच्या गिटारचा आवाज मिळमिळीत वाटू लागला, की पहिला विचार पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारं चुंबक आणि कॉइल, बदलण्याचा येतो. पण पिकअप बदलताना एकटा पिकअपच बदलत नाही. पिकगार्ड (पिकअप ज्यावर बसवलेले असतात ती पुढची पट्टी) उघडायचा तर तारा उतरवाव्या लागतात, आणि परत जोडताना जुन्या तारा कोणी चढवत नाही. पिकअपची उंचीही नव्याने बसते. एका बैठकीत तीन गोष्टी बदलतात आणि श्रेय सगळं पिकअपला जातं.

म्हणून आधी फक्त तारा बदला आणि दोन दिवस वाजवा. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत, घामाच्या बोटांखाली तारा फार लवकर मरतात.

मग उंची. शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार दाबून धरा आणि तारेच्या तळापासून पिकअपच्या चुंबकापर्यंत अंतर मोजा. जाड ई तारेखाली सुमारे २.४ मिलिमीटर, बारीक ई तारेखाली २ मिलिमीटर, इथून सुरुवात करा. आवाज मोठा हवा म्हणून पिकअप वर चढवत नेला, तर चुंबक तारेला खेचू लागतं. जाड तार वरच्या फ्रेटवर वाजवली की एका सुरात दोन सूर भांडताना ऐकू येतात आणि इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागणं) काही केल्या जुळत नाही. दोष मात्र ब्रिजच्या सॅडलला (तार जिथे टेकते त्या तुकड्याला) दिला जातो. स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सोडत जा, ऐकत जा.

आता गिटारपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची (ॲम्पपर्यंतची) केबल. इथे थोडं थांबायला हवं, कारण पिकअप, पॉट (आवाज आणि टोनच्या बटणाखालचा बदलता रोध) आणि केबल मिळून एकच सर्किट असतं. स्ट्रॅटच्या कॉइलचं इंडक्टन्स साधारण २.५ हेन्री. केबलची कपॅसिटन्स मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड. सहा मीटर केबल आणि कॉइलचे स्वतःचे शंभरेक धरले तर रेझोनन्सचं शिखर, म्हणजे जिथे सर्किट सगळ्यात जास्त उचलून धरतं ती कंप्रता, ३.८ किलोहर्ट्झच्या आसपास येतं. केबल तीन मीटरची केली की तेच शिखर ५ किलोहर्ट्झवर जातं. आवाजाची धार कान पकडतो ती याच पट्ट्यात. आवाज बोथट असेल तर आखूड केबल लावून बघा. टोचत असेल तर लांब. गिटारनंतर लगेच बफर (सिग्नलला केबलच्या भारापासून वाचवणारं सर्किट) असलेला पेडल असेल, तर पेडलपासून ॲम्पकडे जाणाऱ्या केबलने हा फरक पडत नाही.

पॉटचंही तसंच. सिंगल कॉइलला (एका कॉइलच्या, म्हणजे स्ट्रॅटसारख्या पिकअपला) २५० किलोओहम, हमबकरला (घरघर मारणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपला) ५०० हा रिवाज. त्यात वीस टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे २५० चा पॉट २०० भरू शकतो आणि शिखर दबतं. सोल्डरचा डाग देण्याआधी मल्टिमीटरने मोजून घ्या. टोनच्या कपॅसिटरवर मात्र पैसे घालू नका. ०.०२२ मायक्रोफॅरडचा साधा आणि तेलातल्या कागदाचा महागडा, दोघांची मीटरवर मोजलेली कपॅसिटन्स सारखी असेल तर आवाजही सारखाच.

ॲम्पचा स्पीकर बदलला तर फरक सगळ्यात ठळक पडतो. आठ ओहमच्या जागी आठ ओहमचाच बसवा, वॅटही पुरेसे बघा. व्हॉल्व्हचा ॲम्प बंद केल्यावरही आत घातक व्होल्टेज साठलेलं असतं, तो जाणकाराकडेच द्या.

मग पिकअप कधी घ्यायचा? सिंगल कॉइलची घरघर सहन होत नसेल, ॲम्पचा गेन (सिग्नलची वाढ) वाढवताच पिकअप शिट्टी मारत असेल किंवा त्याचा जोर तुमच्या वाजवण्याला पुरत नसेल, तर जरूर घ्या. हे दोष तारांनी किंवा उंचीने जात नाहीत. बसवल्यावर स्विचच्या दुसऱ्या किंवा चौथ्या पोझिशनला, जिथे दोन पिकअप एकत्र वाजतात, आवाज पोकळ, किरटा आला, तर नव्या पिकअपची फेज शेजारच्यापेक्षा उलटी आहे, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना खोडतात. त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा. मात्र धातूचं कव्हर किंवा तळपट्टी ग्राउंडच्या वायरीला जोडलेली असेल, तर तो जोड आधी सोडवून तिला वेगळी ग्राउंड वायर द्या. नाहीतर तो धातू सिग्नलला जोडला जाईल आणि हात लागताच घरघर वाढेल.