डांबराचा डाग आणि गज्जर मास्तर

नमस्कार श्रोतेहो. विद्यापीठातला शास्त्रज्ञ शिकवतो आणि संशोधनही करतो. ही दोन कामं वेगळी नाहीत, एकच आहेत, एवढंच आज सांगायचंय. त्यासाठी आपल्या बडोद्याच्याच एका मास्तरांची गोष्ट सांगतो.

त्रिभुवनदास गज्जर बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. सयाजीराव महाराजांच्या पाठबळावर 1890 साली त्यांनी कलाभवन उभं केलं, आणि तिथं विद्या दिली ती मातृभाषेतून. आजही पहिल्या वर्षाच्या पोराला विषय आधी त्याच्या भाषेत कळू द्यावा, परीक्षेचं इंग्रजी मागून येतंच, असं माझं ठाम मत आहे. असो.

तर मुंबईत व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा होता. दिलेला कुणी? आपल्याच खंडेराव महाराजांनी. 1896 साली दामोदर चापेकरांनी त्याला डांबर फासलं, गळ्यात खेटरांची माळ घातली. त्या धाडसापुढं मी आजही हात जोडतो. सरकारची मात्र झोप उडाली, कारण डांबर निघेना.

का निघेना? घरात संगमरवरी ओटा असेल त्यांना ठाऊक आहे, लिंबू सांडलं आणि तसंच राहिलं की तेवढी जागा कायमची निस्तेज होते. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल पडलं की फसफसतं, दगडच विरघळतो. खरवडावं तर कोरीव काम झिजतं. शिवाय दगडाला बारीक छिद्रं असतात, डांबर आत मुरतं. म्हणजे डाग काढायचा, पण दगडाला धक्का लागू द्यायचा नाही. लक्षात घ्या, डाग जायला हवा आणि दगड राहायला हवा. ते गज्जरांनी करून दाखवलं. वर्गात फळ्यावर लिहायचं तेच रसायनशास्त्र, भर रस्त्यात, साऱ्या मुंबईदेखत!

असा मास्तर वर्गात आला की मुलं कान देऊन ऐकतात. 1907 साली बडोद्यात अ‍ॅलेंबिक हा रसायनांचा कारखाना निघाला, तो गज्जर आणि त्यांच्याच शिष्यांच्या हातून.

आता आजचं. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवायचं असतं. त्यात पेपर तपासणी, समित्या, बढतीसाठी शोधनिबंधांची मोजणी. प्रयोगशाळेत स्वतः उभं राहायला वेळ उरतो कुठं? मग प्रॅक्टिकल म्हणजे मागच्या वर्षीच्या जर्नलमधली रीडिंग उतरवणं. हे थांबायला हवं. प्राध्यापकाचा स्वतःचा चालू असलेला प्रयोग बी.एस्सी.च्या मुलांना बघायला मिळाला पाहिजे, फसलेला असला तरी. फसलेला तर आधी दाखवावा.

सायन्स फॅकल्टीतल्या माझ्या मित्रांना विनंती आहे. नव्या सत्राचं वेळापत्रक लावताना आठवड्यातली एक दुपार यासाठी राखून ठेवा. आणि पालकहो, मुलाला मार्क विचारण्याआधी विचारा, या आठवड्यात प्रॅक्टिकलला स्वतःच्या हातानं काय केलंस?