सूर्य समोर ठेवा: फिलिपिन्स टिपताना

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर आजचा विषय छापलाय ‘फिलिपिनो माणसं, छायाचित्रकाराच्या नजरेतून’. माणसांकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एक तक्रार नोंदवायची आहे. फोटोग्राफीविषयीची तक्रार ऐकून घ्यायला इतके लोक आपणहून एका खोलीत बसलेत, असा योग वारंवार येत नाही.

तक्रार अशी. कॅमेरा हातात आला की पहिला धडा मिळतो, सूर्य पाठीशी ठेवा. हा नियम डबा-कॅमेऱ्याच्या काळचा. फिल्म मंद, भिंग बारीक, एक्स्पोजर बदलायची सोय नाही, म्हणून भरपूर उजेड थेट वस्तूवर पडलेला बरा. ती फिल्म गेली, ते कॅमेरे गेले, नियम मात्र आजोबांच्या खुर्चीवर बसलाय. हा नियम घेऊन फिलिपिन्सला गेलेल्यांची प्रदर्शनं पाहा. बोराकायची पांढरी वाळू, पलावानचा हिरवा समुद्र, पुन्हा बोराकाय, आणि एक हसणारं पोर. पोर हसतंय असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याच्या डोळ्यांवर ऊन आलंय.

माझं म्हणणं एवढंच, की या देशात कित्येक वस्तू उजेड अर्धा आत घेण्यासाठी केलेल्या आहेत. खिडकी, कंदील, सणाची सजावट, अगदी काही पदार्थसुद्धा. त्यांच्यावर समोरून उजेड टाकला की त्या मरतात. त्यांच्या पलीकडे उजेड हवा, अलीकडे आपण.

खिडकीपासून सुरू करू. लुझॉन बेटाच्या उत्तरेतलं विगान हे गाव १९९९ साली जागतिक वारसा यादीत गेलं. तिथली स्पॅनिश काळातली घरं खाली दगड-विटांची आणि वर लाकडाची. वरच्या मजल्याला सरकत्या खिडक्या, आणि त्या खिडक्यांत काच नाही, शिंपले. कापिझ म्हणतात त्यांना. तळहाताएवढा, जवळजवळ सपाट शिंपला साफ करून चौकोनी कापायचा आणि लाकडी जाळीत बसवायचा. एकेका खिडकीत असे शेकडो तुकडे. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत याच जातीचे शिंपले दिसतात, तेव्हा गोव्याला जाणाऱ्यांनी सराव तिथेच करून घ्यावा, विमानाचं तिकीट वाचेल.

या शिंपल्यातून ऊन आत येतं ते गाळून, मोत्यासारखं. व्यक्तिचित्रासाठी स्टुडिओवाले जो पांढरा पडदा विकत घेतात, तो इथे भिंतीत बसवलेला आहे. माणसाला खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, जरा तिरकं बसवा. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ८०० ते १६००, भिंगाचं तोंड एफ २.८, शटर १/१२५ सेकंद, इथून सुरुवात करा आणि मग बघून बदला. तावदानं आडवी सरकतात, त्यामुळे उजेड कमी-जास्त करता येतो. पण वीतभर फट ठेवलीत तर त्या फटीतून कडक उन्हाचा पट्टा थेट गालावर येतो आणि तोंडाचे दोन तुकडे होतात. एकतर पूर्ण बंद, नाहीतर निम्म्याहून जास्त उघडी. मोठ्या खिडकीखाली कठडा लावलेली बुटकी खिडकीही असते, वाऱ्यासाठी. ती उघडी ठेवलीत तर जमिनीच्या घासलेल्या लाकडावरून उजेड वर उसळतो आणि हनुवटीखालची सावली भरून निघते. लाकूड लालसर असेल तर ती झाक चेहऱ्यावरही येते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची झाक ठरवणारी सेटिंग, ऑटोवर सोडू नका.

आणि खोलीतली ट्यूब बंद करायला सांगा. ती बंद होणार नसेल तर एक बारीक गोष्ट. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. दिवा तिथे सेकंदाला १२० वेळा कमी-जास्त होतो. आपल्याकडे १/५० किंवा १/१०० वर पट्टे येत नाहीत म्हणून तोच आकडा तिथे लावलात, तर फोटोत काळे-पिवळे पट्टे येतात आणि मग लोक कॅमेरा दुरुस्तीला टाकतात. तिथे १/६० किंवा १/१२५ ठेवा. इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर ते बंद. हे कुठल्याच प्रवासपुस्तकात नसतं. त्यात फक्त डासांचं मलम असतं.

आता लुकबान. मनिलाच्या दक्षिणेला केसोन प्रांतातलं गाव. १५ मे रोजी शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो याचा सण, पाहियास. मिरवणुकीच्या वाटेवरची घरं भाज्या, फळं, भाताच्या ओंब्या आणि किपिंग यांनी मढवतात. किपिंग म्हणजे तांदळाचं पान. तांदूळ भिजवून वाटायचा, त्यात रंग घालायचा, खऱ्या झाडाच्या पानावर पातळ थर ओतून जास्तीचं निथळू द्यायचं आणि वाफवायचं. गार झाल्यावर पानापासून अलगद सोडवायचं, वजनाखाली दाबून सपाट करायचं आणि वाळवायचं. थर जाड झाला तर वाळताना वाकडा होतो आणि तडकतो. पान फाटकं असेल तर किपिंगही फाटकं. नीट जमलं तर मूळ पानाच्या सगळ्या शिरा त्यात उतरतात, आणि त्या दिसतात केव्हा? मागे ऊन असेल तेव्हाच. समोरून पाहिलंत तर रंगीत प्लॅस्टिक वाटतं. म्हणजे पाहियासचे निम्मे फोटो प्लॅस्टिकचे आहेत.

किपिंगची मोठमोठी झुंबरं खिडक्यांतून लोंबतात. खाली उभं राहून वर पाहा. एरवी दुपारी बाराचं ऊन फोटोवाल्याला वैऱ्यासारखं, इथे तेच कामाचं, कारण ते पानांतून खाली झिरपतं. पांढरं आकाश चौकटीत आलं की कॅमेरा घाबरून पानं काळी करतो. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वर न्या, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, किंवा पानावरच उजेडाची मोजणी करून ती अडकवून ठेवा. गर्दीआधीचे फोटो हवे असतील तर सकाळी आठच्या आत पोचा. आणि मे महिना आहे, दुपारी वळीव येतो. पाणी लागलं की तांदळाचं पान मऊ पडून गळतं, तेव्हा ‘संध्याकाळी सावकाश काढू’ हा बेत करू नये. सण संपला की किपिंग वाटून टाकतात. लुकबानला पान्सित हबहब नावाच्या शेवया मिळतात, केळीच्या पानावर. पान तोंडाशी न्यायचं आणि थेट खायच्या, काटा-चमचा नाही, हातसुद्धा नाही. त्याचा फोटो बाजूने काढा. समोरून काढलात तर फक्त पान दिसतं आणि माणूस गायब.

आता कंदील, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेलं मी पाहिलंय.

फिलिपिन्समध्ये सप्टेंबर लागला की नाताळ सुरू होतो आणि दारोदार पारोल लागतात. आपला दिवाळीतला आकाशकंदील आणि पारोल शेजारी टांगले तर भाऊ वाटतील. बांबूच्या दहा लांब कामट्या घ्यायच्या. पाच-पाचच्या दोन चांदण्या बांधायच्या, दोन्हींची टोकं एकमेकांना बांधायची आणि आतल्या छेदांवर पाच आखूड काटक्या अडकवून पोट फुगवायचं. वरून पातळ रंगीत कागद, खाली दोन झिरमिळ्या. एक काटकी आखूड झाली की पोट एका बाजूला बसतं, हे आपल्याकडच्या प्रत्येक गच्चीवर घडलेलं आहेच. फोटो काढायचा तो सूर्यास्तानंतरच्या पंधरा ते वीस मिनिटांत, आकाश अजून निळं असताना. विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश पटकन संपतो. डिसेंबरात मनिलाला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सहाला सगळं आटोपलेलं असतं. काळोखात काढलात तर मधला दिवा पांढरा जळतो आणि कागदाचा रंग हरवतो.

हे झालं घरचं. पांपांगा प्रांतातल्या सान फेर्नांदोला जे करतात त्याला कंदील म्हणणं म्हणजे रेल्वेच्या इंजिनाला शेगडी म्हणणं. डिसेंबरात, नाताळाआधीच्या एका शनिवारी, तिथे गावागावांच्या महाकाय कंदिलांची स्पर्धा असते. एकेक कंदील सुमारे वीस फूट व्यासाचा, आत हजारो दिवे, आणि दिवे बँडच्या तालावर उघडमीट करतात. कसे? संगणकाने नाही. कंदिलामागे पत्र्याची मोठी पिंपं आडवी बसवलेली असतात. पिंपातून वीज वाहते. त्याला टेकून ओळीने केसांच्या पिना लावलेल्या असतात, होय, बायका अंबाड्याला लावतात त्याच, आणि प्रत्येक पिनेची तार दिव्यांच्या एकेका गटाला जाते. पिंपावर मास्किंग टेपचे तुकडे चिकटवलेले असतात. टेप पिनेखाली आली की दिवे बंद, उघडा पत्रा आला की चालू. माणूस हाताने पिंप फिरवतो, गाणं ऐकत. टेपची मांडणी म्हणजेच रांगोळीचा नकाशा. टेप सुटली की नको तो दिवा पेटतो, पीन वाकली की हवा तो पेटत नाही, आणि पिंप गाण्यापुढे धावलं तर सगळी नक्षी तालाबाहेर.

समोरून फोटो काढायचा तर १/१२५, एफ ४, आयएसओ ४०० च्या आसपास, सगळं हाताने. १/३० च्या खाली गेलात की दोन-तीन नक्ष्या एकमेकींत मिसळून चिखल होतो. पण परवानगी मिळत असेल तर मागे जा. पिंप फिरवणारे घामाघूम हात, तारांचं जंगल आणि कंदिलातून गळून मागे येणारा लाल-हिरवा उजेड. खरं चित्र तिथे आहे. प्रेक्षक सगळे पुढे. तारांना हात लावू नका, एवढं सांगायलाच हवं.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटं.’ बरं. जेवण, डोंगर, माणसं, दहा मिनिटांत.

जेवण. आदोबो म्हणजे व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, तमालपत्र आणि मिरी यांत शिजलेलं मांस, तपकिरीवर तपकिरी. समोरून फ्लॅश मारलात तर चिखलाचा फोटो. ताटापलीकडून खिडकीचा उजेड घ्या, तेल चमकतं. किनिलाव म्हणजे कच्ची मासळी व्हिनेगर, आलं, कांदा, मिरची आणि कालामान्सी नावाच्या छोट्या लिंबाच्या रसात मुरवलेली. ताज्या माशाचे तुकडे काचेसारखे असतात आणि आंबटात पडले की काही मिनिटांत पांढरे, अपारदर्शक होतात. फोटो आधी काढा, मग ओता. व्हिनेगर बरेचदा नारळाच्या माडीचा, गोव्याच्या स्वयंपाकात असतो त्या जातीचा. हालो-हालो या थंड गोड पदार्थातला किसलेला बर्फ दोन मिनिटांत बसतो, म्हणून ग्लास येण्याआधी फोकस लावून ठेवा. १६ ते २४ डिसेंबरला पहाटेची प्रार्थना असते, तेव्हा चर्चबाहेर पुतो बुम्बोंग मिळतो, बांबूच्या नळीत वाफवलेला जांभळा भात. पिवळ्या बल्बखाली जांभळा रंग काळपट येतो. पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स लावून घ्या. वाफ हवी तर मागे अंधार आणि वाफेच्या पलीकडून दिवा. बिबिंका, म्हणजे तांदळाचा केक, मातीच्या भांड्यात केळीच्या पानावर, वर-खाली निखारे ठेवून भाजतात. वरचे निखारे उचलतात तो क्षण धरा.

डोंगर. लुझॉनच्या डोंगरातल्या इफुगाव प्रांतातल्या भाताच्या पायऱ्या १९९५ साली वारसा यादीत गेल्या, पण पाच ठिकाणच्या, आणि बानाउए गावाजवळच्या ज्या कठड्यावरून सगळे फोटो काढतात त्या पायऱ्या त्या पाचांत नाहीत. बाताद आहे, तिथे शेवटचा टप्पा चालत उतरावा लागतो. या पायऱ्या दोन हजार वर्षांच्या असल्याचं सगळीकडे सांगतात. पुरातत्त्वज्ञ स्टीफन आकाबादो यांच्या उत्खननांनी ते वय बरंच अलीकडे, स्पॅनिश आक्रमणाच्या काळाजवळ आणलंय, तेव्हा फोटोखाली ओळ लिहिताना जपून. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी खाचरांत पाणी असतं आणि रोपं लहान. पहाटे सूर्य समोर घ्या, बांध काळे, पाणी चांदीचं. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, काढून ठेवा, नाहीतर तो नेमकं तेच प्रतिबिंब पुसतो. बोहोल बेटावरच्या चॉकलेट टेकड्या उन्हाळ्यात तपकिरी होतात, पण दुपारी त्या सपाट दिसतात. सूर्य कलला की प्रत्येकीला सावली फुटते. मायोन ज्वालामुखीचा शंकू सकाळी लवकर, नंतर ढग.

आणि माणसं, ज्यांच्यासाठी आपण जमलो होतो. पाच मिनिटं? चार.

मूळ मुद्दा हाच होता. अमेरिकन राजवटीत डीन वूस्टर या अधिकाऱ्याने फिलिपिनो लोकांचे हजारो फोटो काढले आणि काढवून घेतले. त्यात कित्येकदा माणूस नमुन्यासारखा उभा, एकदा समोरून, एकदा बाजूने. १९०४ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या जत्रेत तर हजाराहून अधिक माणसंच प्रदर्शनात मांडली. ही नजर सगळं उघड दिसावं म्हणून असते, मोजता यावं म्हणून. तिच्या समोर लुझॉनच्या डोंगरातल्या सागाडात १९०९ साली जन्मलेला एदुआर्दो मास्फेरे ठेवा. वडील स्पॅनिश, आई तिथल्या कांकानाए जमातीची. फोटोग्राफी स्वतःच शिकला, बोन्तोकला स्टुडिओ चालवला आणि कोर्दियेरा डोंगररांगेतल्या माणसांचे फोटो त्यांच्या घरात, त्यांच्या शेतात काढले. त्याची माणसं कामात आहेत, कुणी तुमच्यासाठी उभं केलेलं नाही. उजेड कुठून घ्यायचा यापेक्षा माणूस कोणाच्या जागेत उभा आहे हा प्रश्न मोठा आहे, आणि मी अर्धा तास खिडक्यांवर घालवला.

व्यवहारातलं पटकन. परवानगी विचारलीत आणि समोरच्याने नुसत्या भुवया उंचावल्या, तर तो होकार आहे. पुन्हा विचारत बसू नका. ओठांचा चंबू एका दिशेला झाला तर तो रस्ता दाखवतोय, रुसलेला नाही. कॅमेरा दिसला की दोन बोटं वर येतात. तो फोटो काढा, दाखवा, आणि कॅमेरा खाली न ठेवता तिथेच थांबा. पुढच्या अर्ध्या मिनिटात चेहरा मोकळा होतो. धाकटा मोठ्याचा हात कपाळाला लावतो, ते क्षणात होतं, तेव्हा आधीच बाजूला जाऊन उभे राहा. माणसामागे ऊन असेल तर एक ते दीड स्टॉप वर, आणि समोर पांढरं पोतं किंवा चादर धरा. केळीचं पान परावर्तक म्हणून वापरू नका, चेहरा हिरवा होतो. जीपनीत, म्हणजे तिथल्या लांबट सार्वजनिक जीपगाडीत, ड्रायव्हरच्या अगदी मागच्या जागेवर बसा. बाकं समोरासमोर आहेत, दोन्हीकडून उजेड येतो, आणि मागच्या उतारूंचे पैसे हातोहात पुढे सरकत तुमच्यापर्यंत येतात. गाडी हादरते, म्हणून १/२५० च्या खाली नको. मात्र पैसे पुढे द्यायचं काम तुमचंच असतं, त्यामुळे कॅमेरा एका हातात धरायची सवय करा.

हो, हो, उतरतो. लेन्सचा प्रश्न कोणीतरी विचारलाच आहे, तर ३५ मिलिमीटर, एकच. बाकीचं चहाच्या वेळी.