फासाखाली जुळवलेल्या तारा

(काळा पडदा. फक्त आवाज : एक तार छेडली जाते, बेसूर. खुंटी करकरते.)

तार बिघडलेली नाही. ती बिघडवणं चाललंय.

व्हायोलिनची सगळ्यात बारीक तार बघा. खुंटी उलटी फिरतेय, तार दीड स्वर खाली उतरली. आता जाड दोन तारा, दोन्ही एकेक स्वर वर. उरलेली एक जागच्या जागी. व्हायोलिनच्या तारा एरवी एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर असतात. इथे त्या झाल्या सा, प, सा, ग. आपल्याकडचे व्हायोलिनवादकही तारा षड्ज-पंचमात लावतात, तेव्हा आपल्या कानाला हे फार परकं वाटू नये. गंधार मात्र कॅनडातल्या या वादकांचा.

(स्वयंपाकघर. खिडकीबाहेर बर्फ.)

कॅनडातला फ्रेंच बोलणारा प्रांत, क्विबेक. तिथला लानोदियेर हा भाग. टेबल भिंतीला सरकवलंय, मधे जागा केलीय. मैफल स्वयंपाकघरातच, कारण हिवाळ्यात चूल तिथे आणि माणसंही तिथेच.

आता वाजेल ती धून म्हणजे ‘रील द्यू पांद्यू’. फाशी गेलेल्याची रील. (मोबाइलवरची नव्हे. रील हा स्कॉटलंडकडचा जलद नाच आणि त्याची धून.)

गोष्ट अशी सांगतात. एक कैदी फासाखाली उभा. त्याच्या हातात एक बेसूर व्हायोलिन देतात : वाजवून दाखव, सुटशील. त्याने आयुष्यात गज धरलेला नाही. तो एक तार छेडतो, खुंटी पिळतो, दुसरी छेडतो. चाचपडत, चुकत सूर जुळतात आणि त्या जुळण्यातूनच ही धून निघते. कैदी सुटतो. काही जण सांगतात, सुटत नाही.

कैद्याचं नाव गोष्टीत सहसा नसतं. गोष्ट खरी की खोटी, या वादात आम्ही पडलो नाही. वाजवणारा आधी गोष्ट सांगतो, मग तारा उतरवतो, मग वाजवतो. हा क्रम मात्र पक्का.

(गज तारेवर. जवळून.)

गज बराचसा दोन तारांवर आहे. एकीवर धून, शेजारची मोकळी तार तंबोऱ्यासारखी घुमतेय. सा-प-सा-ग लावायचं कारण हेच.

(नदी. जुनं बंदर.)

1763 साली हा मुलूख फ्रान्सकडून ब्रिटनकडे गेला. मागोमाग स्कॉटिश आले, मग दुष्काळातून पळालेले आयरिश. गावं शेजारी, आयरिशांचं तर बहुतेक चर्चही फ्रेंचांचंच, लग्नं एकमेकांत. स्कॉटिश रील फ्रेंच घरात शिरली ती अशी. कागदावरून नव्हे, कानावरून. चर्चने नाचावर डोळे वटारले. नाच चालूच राहिला.

(मिनिटाला 78 फेऱ्यांची जुनी तबकडी फिरतेय.)

ही धून वाजवणाऱ्यांतलं एक मोठं नाव म्हणजे ज्याँ कारिन्याँ. जन्म 1916, गाव क्विबेकमधलं लेव्ही. वडील वाजवायचे. पोरगा रस्त्यावर वाजवून पैसे आणायचा. पुढे जोझेफ अलार या जुन्या वादकाकडे शिकला आणि बाकीचं अशा तबकड्यांकडून. त्यांवर वाजवणारे आयरिश मायकेल कोलमन, स्कॉटिश स्कॉट स्किनर. सुई उचलायची, परत ठेवायची, तेवढाच तुकडा पुन्हा.

फ्रेंचमध्ये दोन शब्द आहेत. शिकलेला तो ‘व्हिओलोनिस्त’. गावातला, कानाने वाजवणारा तो ‘व्ह्योलोनो’. दुसरा शब्द उच्चारताना शहरातल्या ओठांना किंचित मुरड पडते. कारिन्याँ हे दुसरे. पोटासाठी कित्येक वर्षं माँट्रियलमध्ये टॅक्सी चालवली. मग रविशंकरांसोबत वाजवलेले जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन त्यांच्या शेजारी उभे राहिले. संगीतकार आंद्रे गान्याँ यांनी कारिन्याँसाठी रचलेला छोटा कॉन्चेर्टो (वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना) दोघांनी मिळून वाजवला. 1974 साली ऑर्डर ऑफ कॅनडा हा देशाचा सन्मान, 1977 साली मॅकगिल विद्यापीठाची मानद डॉक्टरेट.

म्हातारपणी ऐकू येईनासं झालं. 1988 साली गेले.

(पुन्हा स्वयंपाकघर. कॅमेरा जमिनीजवळ.)

आता हातांकडे नका बघू, पायांकडे बघा. खुर्चीत बसलेला माणूस, पायाखाली लाकडी फळी, कडक तळव्याचे बूट. टाच, पंजा, दुसरा पाय. टाच, पंजा, दुसरा पाय. तबला नाही, ढोलकी नाही, ठेका बुटांचाच. पाय धूनीला धरून आहेत आणि गज त्यावर मोकळा धावतोय. फळीच्या मधोमध रंग उडालाय, खाली लाकूड पांढरं झालंय.

(धून पूर्ण वाजू द्यावी. निवेदन नाही.)

संपली. लगेच दुसरी धून हवीय कुणाला तरी. पण थांबावं लागेल. जाड तारा खाली, बारीक तार दीड स्वर वर. ती सावकाश पिळायची, नाहीतर तुटते.

(खुंटी करकरते.)